रेव्ह. नारायण वामन टिळक : प्रार्थनेने घडलेला वैरागी



वैराग्य हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र येते. नर्मदेच्या परिक्रमेस निघालेले साधू आपल्या सातपुड्यातून जाताना आपण पाहतो. हाती काठी, खांद्यावर झोळी आणि पाठीमागे घर नाही, शेत नाही, बायकामुले नाहीत. असे चित्र पाहिले म्हणजे आपल्यांतील कित्येकांस वाटते की, वैराग्य ही त्या साधूंची गोष्ट आहे. आपण संसारी ख्रिस्ती लोक, आपणास बैल आहेत, पोरे आहेत, सावकाराचे देणे आहे. आपला आणि वैराग्याचा काय संबंध? उलटपक्षी काही जणांस वाटते की, घर सोडून निघून जाणे हीच मोठी भक्ती होय. जो जितका दूर गेला तितका तो देवाजवळ आला.

या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत असे आम्हांस वाटते. ते दाखविण्यास शास्त्रार्थापेक्षा एका खऱ्या मनुष्याचे चरित्र अधिक उपयोगी पडेल. ज्यांची गीते आपण दर रविवारी उपासनेत गातो, त्या रेव्ह. नारायण वामन टिळक यांची जीवनकथा आम्ही येथे थोडक्यात सांगतो. त्यांनी आपल्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोडल्या. परंतु तरुणपणी सोडल्या त्या एका रीतीने आणि शेवटी सोडल्या त्या अगदी निराळ्या रीतीने. या दोहोंमध्ये जे अंतर आहे तेच आपणास शिकावयाचे आहे.

टिळकांचा जन्म 1861 साली कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत असून स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व कोमल अंतःकरणाची. गाण्याची व काव्याची गोडी नारायणास तिच्यापासूनच लागली. पण आईचे छत्र फार दिवस लाभले नाही. तो लहान असतानाच ती वारली. जिच्यामुळे घर हे घर होते तीच गेल्यावर त्या मुलाचे मन तेथे रमेना. तो घर सोडून नाशिकास गेला. आयुष्यातील हे त्याचे पहिले सोडणे. यात भक्ती नव्हती, दुःख होते.

नाशिकास त्याला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू मिळाले व त्याने संस्कृताचे चांगले अध्ययन केले. इंग्रजीही तो थोडेबहुत शिकला. 1880 साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. त्या वेळी त्याचे वय अठराच्या पुढे, आणि मुलीचे अवघे अकरा वर्षांचे होते. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. पुढे ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ लिहून जी मराठी वाङ्मयात अमर झाली, ती लक्ष्मीबाई टिळक हीच.

त्यानंतरची कित्येक वर्षे टिळकांनी भटकण्यात घालविली. ते आज शिक्षक, तर उद्या कीर्तनकार, परवा एखाद्या मासिकाचे संपादक. कोठेही त्यांचा पाय ठरत नसे. मनास येईल तेव्हा, कधी रागाच्या भरात, कोणास न सांगता ते निघून जात. आणि मागे लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीच्या घरी दिवस काढीत त्यांची वाट पाहात. हाती पैसा आला तर तो टिकत नसे. दारी आलेल्या गरजवंतास ते जवळचे सर्व देऊन टाकीत आणि सायंकाळी स्वतःच्या चुलीवर काय चढावयाचे याचा विचार पत्नीस करावा लागे. हे सर्व लक्ष्मीबाईंनी स्वतःच, पतीविषयीचे प्रेम यत्किंचित कमी होऊ न देता, पण काहीही न लपविता लिहून ठेविले आहे.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. या काळी टिळकांस पैशाचा लोभ नव्हता, घराचा मोह नव्हता, मानाच्या नोकरीची आसक्ती नव्हती. बाहेरून पाहणाऱ्यास ते विरक्तच वाटले असते. परंतु याला वैराग्य म्हणता येईल काय? आम्हांस म्हणवत नाही. कारण त्यांनी वस्तू सोडल्या, पण स्वतःची इच्छा कधी सोडली नाही. त्यांना वाटेल तेव्हा ते येत व वाटेल तेव्हा जात. आणि त्यांच्या त्या सोडण्याचा भार दुसऱ्याच्या शिरावर पडे. जे सोडणे आपण करतो आणि ज्याचा उपवास घरची माणसे करतात, ते देवास कितपत मान्य होईल याची शंकाच आहे.

तरी पण या भटकंतीच्या तळाशी एक खरी तहान होती. टिळकांचे देशावर उत्कट प्रेम होते. आपले लोक जातीजातींत विभागलेले आहेत, स्पृश्य-अस्पृश्य भेदाने एकमेकांपासून तुटले आहेत, हे पाहून त्यांचा जीव तळमळे. नागपुरास असताना त्यांनी पुष्कळ धर्मग्रंथ चाळले. ज्यात जातिभेद नाही, ज्यात ईश्वर हा सर्वांचा पिता आणि सर्व माणसे भावंडे, असा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, असेही विचार त्यांच्या मनात घोळू लागले होते.

अशा स्थितीत 1893 साली ते नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले असता डब्यात एका युरोपीय प्रवाशाची गाठ पडली. तो गृहस्थ त्यांच्याशी फार सभ्यतेने बोलला. काव्याविषयी बोलणे निघाले, मग धर्माविषयी निघाले. निरोप घेताना त्याने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याविषयी आग्रह केला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांस त्या वेळी ते बोलणे अगदी अशक्य कोटीतले वाटले. तो गृहस्थ आपल्या वाटेने गेला. त्याने तेथे सभा भरविली नाही, वाद घातला नाही, वर्गणी मागितली नाही. प्रवासातील एक तास आणि एक लहानसे पुस्तक एवढेच त्याने दिले. मोलगीहून अक्कलकुव्यास जाताना देवगोईच्या घाटात आपल्या शेजारी जो मनुष्य बसलेला असतो, त्याच्याशी आपण कसे बोलतो, याचा विचार आमच्या उपदेशक बंधूंनी अवश्य करावा.

दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून टिळकांनी ते पुस्तक उघडले. प्रथम त्यांना त्यात फारशी गोडी वाटली नाही. परंतु वाचीत वाचीत ते मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेविले. शत्रूवर प्रीती करणे, गुप्तपणे दान देणे, दार लावून प्रार्थना करणे, उद्याची चिंता न करणे, ही वचने ते पुन्हा पुन्हा वाचीत राहिले. जन्मभर जे शोधीत होतो ते येथे आहे, असे त्यांना वाटू लागले. पुढे त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ मिळवून वाचले व ख्रिस्ती लोकांशी विचारविनिमय केला. आणि याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ते प्रार्थना करू लागले. तोपर्यंतचे त्यांचे धर्मचिंतन बुद्धीचे होते. आता त्यांनी आपला प्रश्न स्वतःच सोडविण्याऐवजी देवापुढे ठेविला. येथून त्यांच्या जीवनाने वळण घेतले.

हे वळण सोपे नव्हते. आपण कोणत्या मार्गाने चाललो आहोत हे त्यांना कळत होते, आणि त्या मार्गाच्या शेवटी काय काय जाईल हेही कळत होते. जात जाईल, आप्त जातील, कवी म्हणून मिळालेली प्रतिष्ठा जाईल, आणि बहुधा पत्नी व मुलगाही दुरावतील. आजवर त्यांनी ज्या वस्तू टाकल्या होत्या त्यांची त्यांना किंमतच नव्हती. आता प्रथमच जे प्राणाहून प्रिय ते पणास लागले. अखेर तारीख 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतील त्या भेटीस दोन वर्षे पुरी झाली नव्हती.

भीती खरी ठरली. लक्ष्मीबाईंस ही बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर जणू आकाश कोसळले. पती जिवंत असून त्या अनाथ झाल्या. लहान मुलगा दत्तू यास घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. लोकांची दया आणि लोकांची कुजबुज, दोन्ही त्यांना सोसावी लागली. आपल्या भागातही एका घरात एकाने प्रभूचा स्वीकार केला आणि बाकीचे मागे राहिले, अशी उदाहरणे आहेत. ज्यांनी हे भोगले आहे त्यांना या दुःखाची कल्पना देण्याचे कारण नाही.

टिळक अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहावयास गेले. तेथे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्याजवळ राहून त्यांनी धर्मशिक्षण शाळेत शिकविण्याचे काम केले. पूर्वीचे टिळक असते तर रागावून किंवा कंटाळून त्यांनी हा धागा तोडला असता. परंतु आता त्यांनी निराळीच वागणूक आरंभिली. ते पत्नीस पत्रे लिहीत राहिले, भेटीस जात राहिले, अपमान सोसीत राहिले आणि प्रार्थना करीत राहिले. जो मनुष्य पूर्वी चार दिवस एका ठिकाणी थांबत नसे, तो चार-पाच वर्षे एकाच दारी वाट पाहात थांबला. प्रार्थनेने त्यांच्यात जो पालट झाला त्याचे पहिले फळ आम्ही हेच समजतो.

पुढे लक्ष्मीबाई मुलासह त्यांच्याकडे येऊन राहिल्या. त्या आल्या, पण आपला धर्म व सोवळे घेऊन आल्या. टिळकांनी त्यांच्यावर कसलीही सक्ती केली नाही. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, या सर्वांची सोय त्यांनी स्वतः करून दिली. ज्यांनी जातिभेद मोडण्यासाठी सर्वस्व सोडले, त्यांनी आपल्याच घरात पत्नीचे सोवळे प्रेमाने सांभाळले! दुसऱ्याचे मन आपल्या हाती नसून देवाच्या हाती आहे, हे मानण्यास मोठे वैराग्य लागते. घरातील सर्वांवर आपला हुकूम चालावा ही आसक्ती पैशाच्या आसक्तीहून चिवट असते.

या धीराचे फळ आले. पुढे राहुरी मुक्कामी असताना लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की, देवाने पशुपक्ष्यांच्या जाती निर्माण केल्या तशी माणसाची एकच जात केली. उच्चनीच भेद माणसानेच उभे केले. हे एकदा मनास पटल्यावर त्यांनी सोवळे सोडले ते कायमचे. 1900 साली त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. आपल्या मंडळ्यांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे निरनिराळे लोक आहेत. प्रभूभोजनास आपण एकत्र बसतो, पण सोयरीक व मान यांची गोष्ट निघाली म्हणजे जुने भेद पुन्हा डोके वर काढतात. लक्ष्मीबाईंनी एकदा सोडलेले सोवळे पुन्हा उचलले नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

यानंतर टिळकांच्या सेवेचा भरभराटीचा काळ आला. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांचे घर सर्वांस उघडे होते. पोरकी मुले त्यांच्या घरात वाढली. आपल्याच खानदेशातील, धरणगावचे कवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांना सर्व महाराष्ट्र ‘बालकवी’ या नावाने ओळखतो, त्यांनाही टिळकांच्या घरी पुत्राप्रमाणे आश्रय मिळाला. 1907 साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाचे गुण प्रकट झाले होते. नगरास टिळक पतिपत्नींनी त्याला माया दिली आणि त्याच्या कवित्वास खतपाणी घातले. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट घातली नाही. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला. 1918 साली जळगावजवळ भादली येथे आगगाडीच्या अपघातात हा तरुण कवी अकाली मरण पावला.

तथापि टिळक काही एका दिवसात पूर्ण झाले नाहीत. स्वभावाचा तापटपणा पुष्कळ वर्षे त्यांच्या मागे लागला होता. पैसा पूर्वीप्रमाणेच हातातून गळत असे व संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंसच करावी लागे. बाप्तिस्मा झाला म्हणजे जुना मनुष्य एका रात्रीत मरतो असे नव्हे. आमचे नवीन बंधू कधी कधी निराश होतात की, इतकी वर्षे प्रार्थना करूनही राग जात नाही, दारूची आठवण जात नाही. त्यांनी टिळकांकडे पाहावे. बी पेरल्याबरोबर कणीस येत नाही. परंतु पेरलेल्या शेताची राखण सोडून जो निघून जातो, त्यास कधीच येत नाही.

त्यांची राखण प्रार्थनेची होती. लहानपणापासून कानावर पडलेली संतांची वाणी, विशेषतः तुकोबांचे अभंग, त्यांच्या रक्तात भिनले होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. म्हणून परदेशी चालीवर ओढूनताणून बसविलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओव्या, पदे, कीर्तने या आपल्या लोकांच्या रीतीने प्रभूचे गुण गाइले. ‘उपासनासंगीत’ या आपल्या पुस्तकात त्यांची कितीतरी गीते आहेत. ती बारकाईने पाहिली म्हणजे त्यांत मागण्याचा सूर थोडा आणि सहवासाचा सूर फार असे आढळते. ते प्रभूस गुरू म्हणतात, सखा म्हणतात, माउली म्हणतात. लहानपणी आई हरवलेल्या त्या मुलास ख्रिस्ताच्या ठायी आई सापडली, असे आम्हांस ती गीते गाताना नेहमी वाटते. प्रार्थना म्हणजे देवापुढे गरजांची यादी वाचणे नव्हे, त्याच्याजवळ बसणे होय, हे त्यांना उमगले. आणि जो असा जवळ बसू लागतो, त्याच्या हातातील वस्तू आपोआप सैल होतात.

हे सैल होणे 1917 साली पूर्णतेस आले. त्या वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि आपण ख्रिस्ताचे संन्यासी आहोत असे जाहीर करून साताऱ्यास वास्तव्य केले. मिशनशी भांडून ते निघाले नाहीत. ज्यांनी आपणास प्रभूच्या सेवेत वाढविले त्यांच्याविषयी त्यांच्या मनात कडवटपणा नव्हता. परंतु त्यांना असे दिसत होते की, परदेशी मिशनचा पगार घेणारा उपदेशक कितीही तळमळीने बोलला, तरी ऐकणारा मनात म्हणतो की हा पोटासाठी बोलतो. आपल्या देशातील मनुष्य साधूची भाषा जाणतो. जो काही घेत नाही त्याचे तो ऐकतो. प्रभू आपणास या वाटेने बोलावीत आहे, अशी प्रार्थनेत त्यांची खात्री झाली.

या संन्यासात आणि तरुणपणीच्या भटकंतीत काय अंतर होते ते पाहा. या वेळी ते कोणास न सांगता निघाले नाहीत. पत्नीस टाकून गेले नाहीत. लक्ष्मीबाई साताऱ्यास त्यांच्याबरोबरच होत्या. पूर्वी ते माणसांपासून पळत, आता ते माणसांच्या अधिक जवळ जाण्यासाठी निघाले. पूर्वी त्यांनी पैसा टाकला पण स्वतःची मर्जी राखली. आता स्वतःची मर्जीच प्रभूच्या पायांवर ठेविली. तरीही या निर्णयाने घरावर अडचण आली नाही असे आम्ही म्हणणार नाही. ठरलेला पगार बंद झाला म्हणजे चूल सांभाळणाऱ्या स्त्रीस काय वाटते, हे आपल्या प्रत्येक उपदेशकाची पत्नी जाणते. टिळकांच्या वैराग्याचा अर्धा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. म्हणून त्याचा अर्धा मानही त्यांचाच आहे.

साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. येशू ख्रिस्तास गुरू मानून त्याच्या मागे चालू पाहणाऱ्या सर्वांचे हे बंधुमंडळ होते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. जातीस जागा नव्हती. पुष्कळ ख्रिस्ती पुढाऱ्यांस ही गोष्ट शंकास्पद वाटली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांस शिष्य म्हणावे काय, मंडळीबाहेर दुसरी मंडळी उभी राहील काय, असे प्रश्न त्यांनी केले. हे प्रश्न पोकळ नव्हते, आणि आम्हीही येथे त्यांचा निकाल लावीत नाही. प्रभूने बाप्तिस्म्याची आज्ञा दिली आहे आणि ती आपण मानतो. पण टिळकांच्या मनात काय होते तेही समजून घ्यावे. ख्रिस्तावर प्रेम करूनही जे दाराबाहेर उभे होते, त्यांना हाक मारावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मंडळीचा अधिकार, पुढारीपण, आपल्या नावाचा मान, याही गोष्टींची आसक्ती असते. आणि ती सोडणे पाळकास पैसा सोडण्याहून जड जाते.

दरबाराचे काम फार काळ चालविणे त्यांच्या नशिबी नव्हते. शरीर थकले होते. आजार वाढल्यावर उपचारासाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले आणि तारीख 9 मे 1919 रोजी तेथील जे. जे. रुग्णालयात त्यांनी देह ठेविला. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास आपल्या देशाच्या रीतीने अग्नी देण्यात आला व अस्थी अहमदनगरास नेण्यात आल्या.

मागे धन उरले नाही, जमीन उरली नाही. दरबारही त्यांच्या मागे पूर्वीच्या जोमाने टिकला नाही. 1909 साली त्यांनी प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. ते ‘ख्रिस्तायन’ काव्य अकरा अध्यायांच्या सुमारास अपुरे राहिले. मनुष्याच्या हिशोबाने हे सर्व अपयशच म्हणावे लागेल. परंतु देवाचा हिशोब निराळा असतो. ज्या लक्ष्मीबाईंस शाळा अशी ठाऊक नव्हती, ज्यांना अक्षरओळखही लग्नानंतरच झाली, त्यांनी पतीमागे लेखणी हाती घेऊन त्या काव्यास आणखी 64 अध्याय जोडले. 1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि ख्रिस्ती व हिंदू, सर्व मराठी वाचकांनी ती डोक्यावर घेतली. 1936 साली त्याही प्रभूकडे गेल्या. आणि टिळकांची गीते आजही सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत गाइली जातात. जे त्यांनी धरून ठेविले नाही, तेच देवाने राखून ठेविले.

आता, बंधुभगिनींनो, या चरित्रातून आपण कोणता बोध घ्यावा?

प्रथम आमच्या उपदेशक व पाळक बंधूंस आम्ही सांगतो. पगार घेणे हे पाप नव्हे. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असे प्रभूनेच शिकविले. पौलानेही करिंथकरांस लिहिताना सेवकाचा हा हक्क मान्य केला, आणि तरी स्वतः तंबू शिवून पोट भरले. म्हणून उद्याच्या उद्या सर्वांनी पगार सोडावा असे आम्ही सांगत नाही. घरात लेकरे उपाशी ठेवून जो त्यागी म्हणवितो, त्याने टिळकांच्या पहिल्या आयुष्याचा कित्ता गिरविला, शेवटल्याचा नव्हे. परंतु प्रत्येकाने एकांतात स्वतःस हा प्रश्न विचारावा : उद्या पगार थांबला, तर माझी प्रार्थनाही थांबेल काय? ज्या पाड्यावर मी जातो, तेथे मी मोबदला नसता तरी गेलो असतो काय? याचे उत्तर मनुष्यास देण्याची गरज नाही; देवास द्यावे.

दुसरे, आमच्या शेतकरी व मजूर बंधुभगिनींस. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे पावसाळा सरला म्हणजे उचल घेऊन ऊसतोडीस गुजरातेत जातात. सहा महिने पालात राहणे, पहाटेच्या अंधारात फडात उतरणे, लेकरे उसाच्या पाचटावर निजविणे, हे त्यांच्या वाट्यास येते. त्यांस आम्ही कसे सांगावे की वस्तूंचा त्याग करा? त्यांच्याजवळ त्याग करण्याजोग्या वस्तूच थोड्या. तरी वैराग्य त्यांनाही आहे. कारण आसक्ती केवळ धनाची नसते. भावाशी बांधावरून झालेले भांडण वर्षानुवर्षे उराशी धरणे ही आसक्ती आहे. लग्नात शेजाऱ्याहून अधिक खर्च करून नाव मिळवावे म्हणून कर्ज काढणे ही आसक्ती आहे. आजारपणात एकीकडे प्रभूचे नाव घेणे आणि दुसरीकडे जुन्या भीतीने डाकिणीचा संशय एखाद्या गरीब म्हातारीवर घेणे, हीही त्या भीतीची आसक्तीच आहे. हे सोडावयास मठ लागत नाही. पालात, शेतात, मोहाच्या झाडाखाली, मोलगीच्या बाजारात आमचूर विकताना, कोठेही हे सोडता येते.

तिसरे, हे कोणी आपल्या बळाने करू पाहू नये. टिळकांनी आपल्या बळाने पुष्कळ सोडून पाहिले. त्याने ते रिते झाले, पण मोकळे झाले नाहीत. आधी प्रार्थना, मग त्याग, हा क्रम आहे. आंब्याचे फळ पिकले म्हणजे देठ आपोआप सुटतो. कच्चे ओढून काढावे तर डहाळी फाटते व चीक गळतो. रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी पतिपत्नींनी व मुलांनी थोडा वेळ प्रभूजवळ बसावे. वाचता येत असेल त्याने डोंगरावरील प्रवचनातील चार ओळी वाचाव्या. ज्यास येत नसेल त्याने ऐकाव्या. मग काही न मागता थोडे स्वस्थ राहावे. त्या शांततेत प्रभू ज्या एका गोष्टीकडे बोट दाखवील, ती एक सोडावी, दहा नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

आणि ज्यांच्या घरात अद्याप सर्वांचे मन एक झाले नाही, त्यांनी धीर धरावा. जोर करू नये, टाकून जाऊ नये, प्रेम थांबवू नये. नगरच्या त्या घरात पत्नीचे पाणी वेगळे भरून ठेवणाऱ्या टिळकांस आठवावे. ते पाणी भरता भरता त्यांनी जी मुकाट प्रार्थना केली असेल, ती देवाने ऐकली. तो आपलीही ऐकतो.

ज्या प्रभूने स्वतःस रिक्त करून दासाचे रूप घेतले, त्याची कृपा आपणा सर्वांच्या मंडळ्यांवर व घराघरांवर राहो. आमेन.